जाहिरात छापण्यापूर्वी मूळ कायदा वाचावा

कायद्याविषयी ऐकीव माहिती हे प्रमाण नव्हे. ‘इंडिया कोड’ या शासकीय संकेतस्थळावर औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० विनामूल्य वाचता येतो. दुरुस्त्यांच्या अधिसूचना ‘ई-गॅझेट’वर, तर निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर मिळतात.

तिन्ही पाहणे का आवश्यक, हे नियम १७० वरून कळते. आयुर्वेदीय औषधांच्या जाहिरातीस पूर्वपरवानगी सक्तीची करणारा हा नियम २०१८ मध्ये आला. १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने तो वगळला गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने त्या अधिसूचनेस स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये ती उठली. केवळ राजपत्र पाहणाऱ्यास मधली स्थगिती कळलीच नसती.

आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४ चा अधिनियम मात्र या साऱ्या काळात लागूच होता. म्हणून मधुमेहासारख्या व्याधी बऱ्या करण्याचा दावा छापण्यापूर्वी वैद्यबंधूंनी व औषधालयचालकांनी त्याची अनुसूची अवश्य वाचावी.