ट्रेडमार्क मागितला, म्हणजे पार्क येणार?

प्रश्न : ऑर्लँडोच्या युनिव्हर्सलने एखाद्या नव्या नावाचा ट्रेडमार्क मागितला, तर तिथे नवं थीम पार्क येणार असं धरून चालावं का?

उत्तर : नाव अडवून ठेवलंय, एवढंच धरा. अमेरिकेत नुसत्या ‘वापरायचा इरादा आहे’ या आधारावर अर्ज करता येतो. तो मान्य झाल्यावर प्रत्यक्ष वापराचा पुरावा द्यायला ६ महिने मिळतात. शुल्क भरत राहिलं की मुदत ३६ महिन्यांपर्यंत ताणता येते. एवढ्या मोठ्या कंपनीला ते शुल्क म्हणजे चिल्लर!

२०१८ मध्ये युनिव्हर्सलने ‘फँटॅस्टिक वर्ल्ड्स’साठी अर्ज केला, तेव्हा चाहत्यांनी नव्या पार्कचं बारसंच उरकून टाकलं. १ ऑगस्ट २०१९ला जाहीर झालं ते ‘एपिक युनिव्हर्स’. उघडलं २२ मे २०२५ला. पार्कचा अंदाज खरा ठरला, नाव मात्र हुकलं.

अर्जातला वस्तू-सेवांचा वर्ग जरूर बघा. ४१ म्हणजे करमणूक, त्यात अम्युझमेंट पार्क येतं. नुसते २५ आणि २८ असतील, तर कपडे आणि खेळणी. माझा भरवसा मात्र दक्षिण फ्लोरिडाच्या जलव्यवस्थापन विभागाकडच्या कागदांवर जास्त. बांधकामाच्या परवानगीसाठी तिथे पावसाच्या पाण्याचा निचरा दाखवायचा, तर इमारतींच्या कडा नकाशात आखाव्याच लागतात.