राजीनाम्याआधीचे पाच महिने

मावशी बीदरमध्ये बँकेत नोकरी करून निवृत्त झालेली. भाची त्याच जिल्ह्यातल्या औराद तालुक्यातली, वय २८, पुण्यात कॉल सेंटरला रात्रपाळी करते. सुट्टीवर आलेली भाची मावशीकडे मुक्कामाला थांबली, ती परत गेलं की राजीनामा द्यायचा, असं ठरवूनच.

भाची : मावशी, मी ठरवलंय. गेले की राजीनामा. आता होतच नाही गं.

मावशी : काय होत नाही ते आधी सांग. काम होत नाही, की रात्रीचं जागरण सोसत नाही?

भाची : एकच ना ते?

मावशी : एक कसं? तुला मध्ये दिवसपाळी होती ना काही महिने? तेव्हा कसं होतं?

भाची : तेव्हा झोप लागायची. जेवण वेळेवर. पण कामात जीव तेव्हाही नव्हता. आपण काही शिकतच नाही, असं वाटायचं.

मावशी : म्हणजे दोन दुखणी आहेत. जागरणाने शरीर मोडतंय, त्यावर इलाज आजपासून करायचा. कामात जीव नाही, त्याला वेळ लागणार. तू दोन्हींवर राजीनामा हा एकच उतारा काढलास. पाळी बदलून द्या, असं लेखी मागितलंस का कधी?

भाची : तोंडी बोलले होते.

मावशी : मेल कर, तारखेसकट. डॉक्टरकडे गेली असशील तर तो कागद जोड. आणि १४४१६ हा नंबर लिहून घे. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. एक मात्र स्पष्ट सांगते. झोप आठवडेच्या आठवडे उडाली, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर मी पुढं जो हिशोब सांगणार आहे तो सगळा बाजूला ठेवायचा. त्याच दिवशी बॅग भरून घरी यायचं. पैसे नंतर बघू.

भाची : तसलं काही नाही मावशी. थकलेय, एवढंच.

मावशी : मग स्लिप काढ पगाराची.

भाची : ही बघ. एकूण ३८,०००. पीएफ, प्रोफेशनल टॅक्स कापून हातात ३५,३०० च्या आसपास.

मावशी : बेसिक २०,८००. कामाला लागून किती वर्षं झाली?

भाची : चार वर्षं सात महिने.

मावशी : आणि तू आत्ता सोडतेस! ग्रॅच्युइटीचं कुणी सांगितलं नाही?

भाची : ती म्हातारपणी मिळते ना?

मावशी : बऱ्याच जणांची हीच समजूत. कायद्यानं सलग पाच वर्षं पूर्ण केलेल्याला नोकरी सोडतानाच ती मिळते. शेवटचं बेसिक भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. तुझं बेसिक २०,८००, म्हणजे वर्षाला १२,०००. पाच वर्षांचे ६०,०००. आणि पीएफसुद्धा. पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागतो, नंतर लागत नाही. दुसरीकडे नोकरी धरलीस तर काढूच नको, त्याच यूएएनवर वळवून घे.

भाची : म्हणजे अजून पाच महिने तिथंच?

मावशी : पाच महिने, दिवसपाळी मिळवून. त्यात दुसरं एक काम उरकायचंय. कर्ज किती आहे?

भाची : क्रेडिट कार्डावर ६०,०००. ताईच्या लग्नात झाले. मिनिमम ड्यू वेळेवर भरते मी.

मावशी : किती?

भाची : महिन्याला ३,०००.

मावशी : व्याज महिन्याला साडेतीन टक्के धर. ६०,००० वर २,१०० झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,४७८. तू ३,००० भरतेस, त्यातले जेमतेम पाचशे मुद्दलात जातात. इतकी वर्षं बँकेत बसून मी हे बघितलंय. चांगली कमावती पोरं, हप्ता कधी चुकवत नाहीत, आणि कर्ज तिथल्या तिथंच. मला फार वाईट वाटायचं. त्यांना कुणी कागदावर मांडून दाखवलेलंच नसायचं.

भाची : मग काय करू?

मावशी : तुझी साखळी बँकेत ठेव. सोनेतारण वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास पडतं. ६०,००० ला महिन्याचं व्याज ५००. कार्ड एका दिवसात मोकळं कर, आणि महिन्याला १२,००० फेडत जा. पाच महिन्यांत साखळी घरी, व्याज सगळं मिळून दीड हजार.

भाची : सोनं गहाण म्हटलं की आई रडेल.

मावशी : तिला २,४७८ आणि ५०० हे दोन आकडे शेजारी लिहून दाखव. नाहीतर मी बोलते तिच्याशी. पुण्याचा खर्च किती?

भाची : खोली, मेस, जाणं-येणं मिळून १७,०००. घरी ६,००० पाठवते.

मावशी : मग १२,००० बसतात, ओढूनताणून. पाच महिन्यांनी कर्ज नाही, ग्रॅच्युइटीचे ६०,००० हातात. औरादला घरी राहिलीस तर तुझा खर्च पुण्याच्या निम्म्यालाही जाणार नाही. निदान सहा महिने कुणाकडं हात न पसरता अभ्यास करता येतो. लग्नाचंही तेच. बिनकर्जाची असशील तर कुणी घाई केली तरी तुला नाही म्हणता येतं.

भाची : पण अभ्यास कशाचा करू? पुण्यात मैत्रिणी एमपीएससी करतात. मी कर्नाटकची.

मावशी : कर्नाटकची आहेस म्हणून तर तुझ्याकडे वेगळं दार आहे. कलम ३७१ (जे) माहीत आहे का?

भाची : नाव ऐकलंय.

मावशी : ९८ वी घटनादुरुस्ती, २०१२ ची. बीदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर, कोप्पळ, बळ्ळारी, म्हणजे जुना हैदराबाद-कर्नाटक. २०१९ पासून कल्याण कर्नाटक म्हणतात. या भागातल्या सरकारी पदांत स्थानिकांना गट ‘अ’ आणि ‘ब’मध्ये ७५ टक्के, ‘क’मध्ये ८०, ‘ड’मध्ये ८५ टक्के जागा. राज्यभरातल्या पदांतही ८ टक्के. पीडीओ म्हणजे पंचायत विकास अधिकारी, एफडीए, एसडीए ही कारकुनी पदं, सगळ्यांत हे लागतं. वयाची मूळ अट सर्वसाधारण गटाला बहुतेक पदांसाठी ३५. तुझ्याकडे वेळ आहे.

भाची : अडचण कन्नडची आहे. बाजारात बोलते मी, पण लिहायला? मराठी माध्यमात शिकले, कन्नड तिसरी भाषा होती.

मावशी : तिथंच आपली पोरं अडतात, आणि हे मला मनापासून सलतं. बऱ्याच पदांना सक्तीची कन्नड परीक्षा असते, १५० गुणांची, किमान ५० मिळवावे लागतात. दहावीच्या पातळीचा पेपर. बुद्धीला कमी नसलेली पोरं केवळ लिपीला भिऊन अर्जच भरत नाहीत. मराठी घरची म्हणून कन्नड लिहायचं टाळणं, यात आपलंच नुकसान आहे. रोज अर्धा तास, सातवीपासूनची पुस्तकं, आणि एक कन्नड पेपर. बोलता येतंय म्हणजे अर्धी वाट संपलीय.

भाची : आणि भरतीच लांबली तर?

मावशी : लांबते, म्हणून एकाच परीक्षेवर बसायचं नाही. ग्रामीण बँकांची आयबीपीएसची परीक्षा बघ. तिथं ३७१ (जे) नाही, पण स्थानिक भाषा यावी लागते. तुझी मराठी पहिली भाषा, महाराष्ट्रातल्या ग्रामीण बँकेला ती चालते. ऑफिसर स्केल-१ ला वयाची अट १८ ते ३०, म्हणजे तुला दोनच वर्षं. ऑफिस असिस्टंटला २८ ची, मागासवर्गाची सवलत वेगळी. म्हणून आधी बँक, सोबत कन्नड. अभ्यासाचा काही भाग दोन्हीकडे एकच आहे.

भाची : मावशी, माझा जन्म उदगीरचा आहे. आजोळी. मग मी स्थानिक कशी?

मावशी : बरं झालं बोललीस. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळं सीमेवरच्या किती लेकरांची नोंद पलीकडं झाली आहे! १९५६ आधी उदगीर, निलंगा, अहमदपूर सगळे बीदर जिल्ह्यातच होते. नकाशा बदलला, सोयरिकी तशाच राहिल्या. ३७१ (जे) मध्ये जन्माने किंवा अधिवासाने, असं दोन्ही आहे. तू अधिवासाच्या बाजूनं अर्ज करायचा.

भाची : कुठं?

मावशी : ए. सी. ऑफिसला, उपविभागाच्या असिस्टंट कमिशनरकडं. पहिलीपासूनचे शाळेचे दाखले, रेशन कार्ड, वडिलांच्या शेताचा उतारा लागेल. वडिलांचे जुने कागद आधी शोध, त्यातच वेळ जातो. पुण्याला परत जायच्या आधी अर्ज टाकून जा. जाहिरात निघाल्यावर धावपळ केली तर तारीख निघून जाते.

भाची : शाळेचा दाखला औरादलाच मिळेल. रेशन कार्डावर माझं नाव मात्र लग्न झालेल्या ताईबरोबर चुकून कमी झालंय.

मावशी : मग ते आधी दुरुस्त करून घे. उद्या सकाळी औरादची गाडी धर.