एक वेदी आणि मधली भिंत



१५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी देवसहायम यांना संतपद बहाल केले आणि भारतीय ख्रिस्तसभेला पहिला प्रापंचिक संत लाभला. (वसईचे संत गोन्सालो गार्सिया हे फ्रान्सिस्कन बंधू होते, प्रापंचिक नव्हे.) देवसहायम यांचे मूळ नाव नीलकंठ पिल्लै. उच्च समजल्या जाणाऱ्या नायर घराण्यातले ते त्रावणकोर दरबारचे अधिकारी. १७४५ साली वडक्कनकुळम या तमिळ गावी त्यांचा स्नानसंस्कार झाला. त्यानंतर ते जातपात न पाहता सर्वांमध्ये मिसळू लागले, आणि वरच्या जातींना हे सहन झाले नाही. १७४९ मध्ये त्यांना अटक झाली, रेड्यावर बसवून त्यांची धिंड काढण्यात आली आणि १४ जानेवारी १७५२ रोजी गोळ्या घालून ठार करण्यात आले. संतपदाच्या वेळी त्यांच्या नावातील ‘पिल्लै’ हा जातिवाचक शब्द गाळण्यात आला, तो उगाच नव्हे.

आता त्याच वडक्कनकुळमची पुढची गोष्ट पाहू. ती आम्हांला अधिक अस्वस्थ करते. १८७२ साली तेथे नवे चर्च उभे राहिले. त्याला दोन लांब दालने होती आणि ती वेदीपाशी एकत्र येत. एका दालनात वेल्लाळ व त्यांच्या बरोबरीचे, दुसऱ्यात नाडार, आणि दोघांच्या मध्ये भिंत! दोन्हीकडच्यांना वेदी दिसे, एकमेकांचे तोंड मात्र दिसत नसे. लोक त्याला ‘पाटलोण चर्च’ म्हणत. ज्या गावाने जातिभेद नाकारणारा संत दिला, त्याच गावाने मिस्सासाठी अशी इमारत बांधली. बांधणारे वाईट होते असे आम्ही म्हणत नाही. लोक तुटू नयेत म्हणून त्यांनी सोय केली असेल. पण सोय म्हणून बांधलेली भिंत पुढे हक्क होऊन बसते.

१९१० साली फादर कॉसानेल या येशूसंघीय धर्मगुरूंनी ती पाडली. तेव्हा वरच्या जातीच्या ख्रिस्ती लोकांनी बिशप बार्थ यांच्याविरुद्ध कोर्टात दाद मागितली. वेगळे बसणे हा आपला परंपरागत अधिकार, असे त्यांचे म्हणणे होते. मद्रास उच्च न्यायालयाने ते फेटाळले.

ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची म्हणून सोडून देता येत नाही. २०१६ मध्ये आपल्या बिशपांच्या परिषदेने दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले, तेव्हा ख्रिस्तसभेत अजून भेदभाव आहे हे स्वतःच कबूल केले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींपासून वंचित राहिले. शिखांना १९५६ मध्ये व बौद्धांना १९९० मध्ये त्या मिळाल्या. आपली मागणी रास्तच आहे. मात्र सरकारकडे न्याय मागणाऱ्याच्या घरात भिंत असली, तर ती मागणी दुबळी पडते.

संत याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय या आठवड्यात घरी वाचावा. सभेत सोन्याची अंगठी घातलेला येतो आणि मळकट कपड्यांतला गरीबही येतो. कोणाला कोठे बसवतात, एवढाच तेथे प्रश्न आहे.

झोनच्या सभेत आपण यावर बोलू या. आपल्या चर्चमध्ये विटांची भिंत नाही. पण झारखंड-ओडिशाहून घरकामाला आलेल्या मुली रविवारी शेवटच्या बाकावर बसतात. वाचनासाठी त्यांच्यापैकी कोणाला आपण कधी बोलावले आहे का? सोयरीक जुळवताना आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? आणि आपल्या गल्लीत मयत झाली, तर कोणाच्या घरी सारे जातात व कोणाच्या घरी फक्त फादर जातात?