बुडालेल्या गाडीसाठी दुसरे इंजिन

पुरात बुडालेल्या गाडीचे इंजिन बहुधा पाणी ओसरल्यावर, कोणीतरी किल्ली फिरवून पाहतो तेव्हा निकामी होते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर चढला की कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉकच फुटतो. २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा २७ जुलै २०१९ ला, वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली त्या दिवशी, उल्हास नदीचे पाणी बदलापूर पश्चिमेच्या वस्तीत शिरले. अंबरनाथ-उल्हासनगरमधून वाहणाऱ्या वालधुनीत तर कारखान्यांचे सांडपाणीही असते. तसले पाणी इंजिनात मुरू देऊ नये.

इंजिन खरोखर गेले आहे का, हे आधी पाहावे. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसले तर पाणी आत गेले आहे. प्लग किंवा इंजेक्टर काढून क्रँक हाताने फिरवला आणि तो मध्येच अडला, तरच बदलाचा विचार करावा. साध्या विम्यात असे नुकसान बहुधा नाकारले जाते. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोडपॉलिसी लागते. दुरुस्तीचा अंदाज विम्यातल्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर गाडी पूर्ण नुकसानीत धरतात आणि इंजिनाचा शोध तिथेच थांबतो.

कंपनीचे नवे हाफ इंजिन (वरच्या हेडशिवायचे) महाग पडते, पण त्यात शंका उरत नाही. जुने हवे असेल तर गॅरेजवाले बहुधा कुर्ल्याच्या भंगार बाजाराचे नाव घेतात. तिथे नुसते मॉडेल सांगून भागत नाही. फियाटचे १.३ लिटर डिझेल इंजिन स्विफ्टमध्येही होते आणि इंडिका व्हिस्टामध्येही. तरी माउंटिंग, वायरिंग आणि ईसीयू वेगळे. बीएस-४ आणि बीएस-६ चीही अदलाबदल करू नये.

सर्वांत जास्त वेळ इंजिन नंबरवर घालवावा. बदलापूरच्या एका डिझेल गाडीसाठी आणलेल्या इंजिनाचा सगळा ब्लॉक काळपट, तेलकट होता. नंबरची जागा मात्र चकचकीत, आडव्या ग्राइंडरच्या ओरखड्यांची, वर ताजा चंदेरी रंग. आकडे एका ओळीत नव्हते. ते इंजिन परत गेले, आगाऊ रक्कम मात्र परत आली नाही. म्हणून मूळ गाडीच्या आरसीची प्रत, नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि इंजिन नंबर लिहिलेले पक्के बिल हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडून इंजिन कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये; चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. कागद जुळले की कॉम्प्रेशन तपासावे, ऑइलच्या झाकणाखालचा चिकट गाळ पाहावा.

बसवण्यापूर्वी क्लचप्लेट, वॉटर पंप आणि ऑइल सील बदलून घ्यावेत. इंजिन पुन्हा उतरवण्याची मजुरी त्याहून जड पडते.

बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या तिन्ही शहरांचे परिवहन कार्यालय कल्याणला, एमएच-०५. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार खासगी गाडीमालकाने इंजिन बदलण्याआधी तिथे परवानगी घ्यायची आणि बदलल्यावर १४ दिवसांत कळवून आरसीवर नवा नंबर चढवायचा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती आधी घ्यावी. नव्या आरसीची प्रत विमा कंपनीला देऊन पॉलिसीवरही तोच नंबर नोंदवून घ्यावा.