पूरग्रस्तांच्या निवाऱ्यातील पहिले आठ दिवस

पावसाळा लागला की पैनगंगा, वर्धा, अडाण, अरुणावती, पूस या नद्यांकाठच्या गावांचा जीव टांगणीला लागतो. २२ जुलै २०२३ रोजी आपल्या जिल्ह्याने हे पुन्हा अनुभवले. महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यावर अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे मागवावी लागली. माणसे पाण्याबाहेर आली की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. पण डॉक्टरचे काम तेव्हा सुरू होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा समाजमंदिरात शे-दीडशे माणसे आठवडाभर दाटीने राहतात, तेव्हा पुरातून वाचलेले लेकरू जुलाबाने दगावू शकते.

अशा निवाऱ्यांत रुग्ण तपासताना मला बहुतेक वेळा एकच चित्र दिसले. व्हरांड्यात जुन्या कपड्यांचा ढीग, बिस्किटांची खोकी, आणि पिण्याच्या पाण्याचा एकच उघडा ड्रम, ज्यात प्रत्येक जण आपला ग्लास बुडवतो. देणाऱ्यांचे मन मोठे असते, यात शंका नाही. परंतु गरज कशाची आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

पहिली गरज पाण्याची. पिणे, स्वयंपाक व स्वच्छता मिळून माणशी रोज निदान १५ लिटर पाणी लागते. म्हणजे १२० माणसांच्या शाळेला १,८०० लिटर. पुरात बुडालेल्या विहिरीचे पाणी तसेच पिऊ नये. गढूळ पाणी तुरटी फिरवून आधी निवळू द्यावे, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करीत नाही. १,००० लिटर पाण्याला चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर सुमारे अडीच ग्रॅम लागते. ती बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी टाकीत ओतावे आणि एक तास थांबावे. नंतर ओ.टी. चाचणीत पाणी पिवळे झाले तरच ते प्यायला द्यावे. ड्रमला तोटी असावी. नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे. आणि एक गोष्ट आपल्या कापूसपट्ट्यासाठी मुद्दाम सांगतो. कीटकनाशकाच्या रिकाम्या कॅनमध्ये, कितीही धुतला तरी, पिण्याचे पाणी भरू नये. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यातील अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही.

दुसरी गरज संडासाची. सुरुवातीला ५० माणसांमागे एक व लवकरात लवकर २० माणसांमागे एक, असे प्रमाण धरावे. बायकांचे संडास वेगळे, आतून कडी लागणारे आणि रात्री उजेड असलेले हवेत. हे नसले की बाया अंधार पडेपर्यंत थांबतात, पाणी पिणेच कमी करतात आणि मग लघवीच्या जळजळीने व तापाने माझ्याकडे येतात. गरोदर बाईला हे दुखणे फार महाग पडते. पाळीच्या दिवसांसाठी पॅड किंवा स्वच्छ सुती कापड आणि ते बदलायला आडोसा, याचीही सोय करावी. ती मागायला कोणी पुढे येत नाही, म्हणून आशाताईंनी स्वतः विचारावे.

जुलाब सुरू झाले तर घाबरू नये, पण वेळही दवडू नये. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांत कॉलरा पसरला. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व सोडा यांचे पाणी तयार करवून रुग्णांना तोंडाने पाजले. सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. तीच आपली जलसंजीवनी. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा, आणि मीठ जास्त होऊ देऊ नये. बाळाचे अंगावरचे दूध चालूच ठेवावे. दुधाची भुकटी व बाटल्या वाटू नयेत, त्यातूनच जंतू पोटात जातात. डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, मूल सुस्त पडले किंवा पेजेसारखे पांढरे जुलाब होऊ लागले, तर तत्काळ दवाखान्यात हलवावे.

तिसरी गरज यादीची. पहिल्याच संध्याकाळी वहीत नावे लिहावीत: गरोदर बाया, तान्ही मुले, आणि रक्तदाब, मधुमेह, क्षयरोग, मिरगी व सिकलसेलचे रुग्ण. पुरात घराबरोबर गोळ्याही वाहून जातात. क्षयाचे किंवा मिरगीचे औषध खंडित होणे धोक्याचे असते. सिकलसेलच्या मुलाला ओले कपडे, थंडी आणि कमी पाणी एवढ्यानेही असह्य वेदना सुरू होतात. त्याला आधी कोरडे कपडे व पांघरूण द्यावे. ताप, खोकला व अंगावर पुरळ असलेल्या मुलांना वेगळ्या खोलीत ठेवावे.

निजण्याचीही काळजी घ्यावी. पावसात साप कोरड्या जागी येतात. मण्यार जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते आणि जागा फारशी दुखत नाही, सुजतही नाही. सकाळी कोणाचे पोट दुखत असेल, पापण्या जड झाल्या असतील, तर मांत्रिकाकडे न नेता सरळ सरकारी रुग्णालयात न्यावे. चापडा घालू नये, आवळून बांधू नये. कडा अंथरुणाखाली खोचलेली मच्छरदाणी डासांपासून व सापांपासूनही बरेच रक्षण करते.

म्हणून मदत पाठवताना जुन्या कपड्यांऐवजी झाकणाच्या बादल्या, साबण, मच्छरदाण्या, पॅड, सतरंज्या आणि जलसंजीवनीची पाकिटे पाठवावीत. आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने जून उजाडण्यापूर्वी आपल्या शाळेतील संडास मोजावेत, पाण्याची टाकी धुवावी व रुग्णांची यादी तयार ठेवावी. पूर आल्यावर हे करायला कोणाला सवड नसते.