घराची डागडुजी

दिवाळी जवळ आली की घरोघरी लगबग सुरू होते. भिंती सारवल्या जातात, अंगण चोपले जाते, दारांवरून रंगाचा हात फिरतो. ही सारी तयारी आठ दिवसांत उरकते, असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांतील एखाद्या जाणत्या शेतकऱ्यास विचारावे. तो सांगेल की, दिवाळीच्या घराची तयारी आदल्या हिवाळ्यातच सुरू होते.

यास कारण आहे. या भागाचे मुख्य पीक धान. दिवाळीच्या सुमारास हलके धान कापणीस येते आणि त्यामागोमाग भारी धान. त्या दिवसांत घरातील एकही हात रिकामा नसतो. गायगोधनासाठी गुरे सजवायची असतात. पुढे गावोगावी मंडई भरते, झाडीपट्टीतील नाटके रंगू लागतात आणि घरी पाहुण्यांची रीघ लागते. ज्याने कामाची आखणी वेळेवर केली नाही, त्याला गळक्या छपराखालीच पाहुण्यांचे स्वागत करावे लागते.

मातीच्या घराचा खरा आधार बांबू होय. कुडाच्या भिंती, छपराच्या कामट्या, अंगणाचे कुंपण या सर्वांना तो लागतो. बांबूचा कोंब पावसाळ्यात जमिनीतून वर येतो आणि काही महिन्यांतच पूर्ण उंची गाठतो. त्यानंतर तो जाडीने वाढत नाही. केवळ आतून टणक होत जातो. त्यास सुमारे तीन वर्षे लागतात. सणाच्या घाईत कोवळा बांबू तोडून छपराला लावला, तर तो वाळताना आक्रसतो आणि त्याला लवकर कीड लागते. शिवाय बेटातील कोवळे बांबू गेले, म्हणजे पुढील वर्षांची बेगमीच गेली.

म्हणून जाणता माणूस पावसाळा सरल्यावर, धानाची मळणी आटोपली की पक्के बांबू निवडतो. ते काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवतो. त्यामुळे बांबूतील साखर व पिष्ट बरेचसे निघून जाते आणि त्यावर जगणाऱ्या भुंगेऱ्यांना पुरेसे अन्न उरत नाही. मग ते सावलीत वाळवतो. वैशाखात छप्पर उघडून कुजलेल्या कामट्या बदलतो आणि मृगापूर्वी कवेलूंची शाकारणी पुरी करतो. वानरांच्या उड्यांनी फुटलेली कवेलूही तेव्हाच बदलली जातात. पावसाळ्यात कोठे पाणी झिरपते, याची तो खूण करून ठेवतो. आश्विनात भिंती वाळल्या की भेगा बुजवतो, आणि शेवटी चुन्याचा हात देतो. आधी छप्पर, मग भिंत आणि सर्वांत शेवटी रंग, हा क्रम त्याच्या घरी कधी चुकत नाही.

परंतु घराची आखणी एकट्या घरापुरती राहत नाही. गावातील प्रत्येकाने हवा तेव्हा, हवा तेवढा बांबू तोडला, तर काही वर्षांत सर्वांचीच घरे उघडी पडतील. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड लोकांचे छोटे गाव आहे. वन हक्क कायदा २००६ साली झाला आणि त्यानुसार २००९ साली या गावास सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. हक्काबरोबर जबाबदारी आली. किती तोडावे आणि किती राखावे, हे आता ग्रामसभेलाच ठरवावे लागते. या गावात निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वांच्या संमतीने घेण्याची रीत आहे. एकाचाही विरोध असेल, तर चर्चा पुढे चालू राहते.

आज या जिल्ह्यांतही सिमेंटची घरे व पत्र्याची छपरे वाढत आहेत. तेथे कामट्या लागत नाहीत. पण गळतीवर रंग चढवला, तर तो तेथेही पहिल्याच पावसात सुटतो. घर कशाचेही असो, दुरुस्ती आधी आणि सजावट नंतर. तसेच सारवणे, रंगवणे, झाडणे हे घरातील स्त्रियांचेच काम असे मानू नये. सर्वांनी हात लावला, तर दिवाळीच्या पहाटे आईलाही दोन घटका निवांत बसून दिव्यांची ओळ पाहता येते.

स्वाध्याय

१. दिवाळीच्या घराची तयारी आदल्या हिवाळ्यात सुरू होते, असे का म्हटले आहे?
२. कोवळा बांबू तोडल्याने घराचे व जंगलाचे कोणते नुकसान होते?
३. आपल्या घरातील दुरुस्तीच्या कामांची यादी करा. कोणते काम कोणत्या महिन्यात आणि कोणी करावे, हे घरातील सर्वांशी बोलून ठरवा.