शाळेच्या वाटेवर घाई नको



सकाळच्या शाळेची वेळ डोळ्यांपुढे आणा. नळाचे पाणी नुकतेच गेले आहे, डबा भरायचा राहिला आहे, एक बूट सापडत नाही. "चल लवकर, गेट बंद होईल!" असे ओरडत एका गाडीवर तीन मुले बसतात. पुढे खड्डा, बाजूला कंटेनर. भिवंडीतल्या आपल्या वस्त्यांत हे रोज घडते, म्हणून त्याची भीती वाटेनाशी झाली आहे.

आम्ही रुग्णालयात परिचारिका होतो तेव्हा गणवेशातली जखमी मुले पाहिली. कुणाची टाच चाकाच्या तारांत अडकून सोललेली, कुणी हँडलजवळ उभे असताना ब्रेक लागून तोंडावर आपटलेले. सोबतच्या आईवडिलांचे वाक्य बहुतेक वेळा एकच असे, "उशीर झाला होता." म्हणून आधी घरचे बोलू, मग रस्त्याचे.

घरातून निघताना

दप्तर, गणवेश, बूट, मोजे रात्रीच एका जागी ठेवा. दहा मिनिटे आधी निघा. तरी उशीर झालाच तर होऊ द्या. शाळेत बोलणी खाल्लेली परवडतात, मोडलेला पाय परवडत नाही. गाडीवर मुलाला रागावू नका. ते रडते, वळवळते आणि चालवणाऱ्याचे लक्ष रस्त्यावरून उडते.

लूमवर रात्रपाळी करून आलेल्या माणसाने मुलांना गाडीवर नेऊ नये. सलग सतरा-अठरा तास जागे राहिल्यावर हात आणि नजर थोडी दारू प्यायल्यासारखी मंद होते. त्याला झोपू द्या, सोडायचे काम दुसऱ्याने घ्या.

गाडीवर

दुचाकीवर चालवणारा आणि मागे एक, एवढेच. तिघे बसल्यास 1000 रुपये दंड आहे. मुलाला पुढे उभे करू नका. मागे बसलेल्या मुलाचे पाय पायदानावर टेकले पाहिजेत. चाकाला जाळी नसेल तर आजच बसवून घ्या. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे. ते मुलाच्या मापाचे, आयएसआय शिक्क्याचे घ्या आणि पट्टा लावा. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि चालवणाऱ्याशी बांधणारा सुरक्षा पट्टा लागतो, वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत हवा. हा नियम 15 फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे.

धाकट्याला सोडायला सोळा वर्षांच्या दादाच्या हाती गाडी देऊ नका. 2019 च्या सुधारित कायद्याने यात पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कंटेनरजवळ

अंजूरफाटा असो की कल्याण नाका, अवजड गाड्या आपल्याला चुकत नाहीत. चालक उंच बसतो. अगदी पुढे आणि डाव्या अंगाला असलेले मूल त्याला दिसत नाही. गाडी डावीकडे वळताना तिची मागची चाके आत येतात. त्यामुळे ट्रक आणि फुटपाथ यांच्या फटीत शिरू नका. आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल तर आपणही त्याला दिसत नाही, असे समजा.

पायी जाणारी मुले

नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलाला येणाऱ्या गाडीच्या वेगाचा नीट अंदाज येत नाही. "बघून जा" म्हणून भागत नाही. एका गल्लीतली आठ-दहा मुले आणि दोन मोठी माणसे असा गट करा. एक पुढे, एक मागे. पाळ्या वाटून घ्या. ज्या आईला सकाळी कामावर जायचे असते तिला याचा सर्वात मोठा आधार होतो. रविवारी विहारात जमलो की पाळ्या तिथेच ठरवता येतील.

अपघात झालाच तर

108 ला फोन करा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. हळद, चुना लावू नका. डोक्याला मार लागल्यावर मूल उलटी करते, गुंगते किंवा बडबडते, तर वरून जखम दिसली नाही तरी तडक रुग्णालयात न्या. जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे मागे हटू नका.

एवढे करूनही खड्डा आपण पाडलेला नाही आणि कंटेनर आपण आणलेला नाही. त्याचा जाबही विचारायचा आहे. राज्याच्या 2011 च्या स्कूल बस नियमांनुसार शाळेत परिवहन समिती असते. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात आणि तीत पालकांचा प्रतिनिधी असतो. आपल्या शाळेत ती बसते का, हे विचारा. गेटसमोर झेब्रा पट्टे आणि गतिरोधक हवेत, शाळेच्या वेळी त्या रस्त्यावर अवजड गाड्या नकोत, असा अर्ज महानगरपालिका आणि वाहतूक पोलिसांना द्या. अर्जावर वस्तीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्या आणि पोच जपून ठेवा.

आपण मुलांना शिकायला पाठवतो. ती संध्याकाळी धडधाकट घरी आली पाहिजेत. उद्या सकाळची तयारी आज रात्रीच करा.